पट्ट्याला वास लागतो

"पेटी आत ने. हिला नको बांधायला. पट्ट्याला वास लागतो, मग दिवसभर जात नाही."

हे डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले. माझ्या बहिणीला नाही. ती समोरच उभी होती, चोळीची बाही वर सारून, दंड पुढे करून. तिच्याशी बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

माझी मोठी बहीण. आम्ही तिला बाय म्हणायचो. पहिलटकरीण, आठवा महिना, बाळंतपणाला माहेरी आलेली. मी चौदा वर्षांची. गोव्यात तेव्हा अजून पोर्तुगीज होते. मालवणात या डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घरातच होता. वर ओटीवर बाकं. त्यांवर दुकानदारांच्या, मास्तरांच्या, भटजींच्या बायका. आम्ही गाबीत, दर्यावर मासे मारणारे, खाली खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उन्हात. आमची तपासणी खिडकीतून. जीभ दाखव, बाटली घे, चल.

त्या दिवशी आमच्या आधी एका दुकानदाराच्या बायकोला आत घेतलं. तिचंही पोट बायएवढंच. डॉक्टरांनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, पेटीतला पारा वर चढला. आम्ही खिडकीतून बघत होतो. बायला वाटलं, पोटुशी बाईला असंच तपासतात. म्हणून नंबर आल्यावर तिने आपणहून बाही वर केली. एवढाच तिचा गुन्हा.

"डोक्या फुटता माझा," बाय म्हणाली. "डोळ्यांसमोर चमकता. दुपारचो दर्या चमकता तसा. पाय बघा कसे सुजलेत."

डॉक्टरांनी पाय बघितले नाहीत.

"मासळी खाऊन माजलीय. कमी खा."

ओटीवरच्या बायका हसल्या. तोंडाला पदर लावून, सभ्यपणे हसल्या. खिडकीतून लाल औषधाची बाटली आली. बायने बाही खाली केली. तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरले नाही, आणि विसरायचा माझा विचारही नाही.

आता आमची चूक पण सांगते. लपवून काय करू?

आमच्यात पोटुशी बाई डोक्यावर टोपली घेत नाही. तिला बसून करायचं काम देतात. किनाऱ्यावर मासे सुकत घातलेले असतात, त्यांची राखण. हातात काठी, कावळे हाकायचे, कुत्रे हाकायचे. खाली पांढरी वाळू, वर ऊन, समोर दर्या. तिथे बसणाऱ्या प्रत्येक बाईचे डोळे दिपतात, प्रत्येकीचं डोकं धरतं. त्यामुळे बाय म्हणाली डोळ्यांसमोर चमकतं, तर आम्ही म्हणालो ऊन लागलं. डोकं दुखतं, तर ऊन. आयेने तिच्या कपाळावर कांदा ठेचून बांधला आणि दुसऱ्या दिवशी परत राखणीला बसवली.

आणि सूज? सुजेचं तर आम्हाला कौतुक. जन्मभर हाडं दिसणाऱ्या घरातली पोर अशी भरलेली कोणी बघितली होती? तोंड गोल झालं, बोटं जाड झाली, हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या. आये शेजारणींना बोलावून दाखवायची. "बघा गो, माझ्या चेडवाचा आंग कसा भरला." शेजारणी म्हणायच्या झील होतलो, मुलगाच. आम्ही अडाणी होतो. पण आम्ही अडाणी होतो म्हणूनच तर डॉक्टरकडे गेलो होतो. तो तर शिकलेला होता ना?

दवाखान्यातून आल्यावर पाचवा दिवस. सकाळी मी मासे घेऊन डॉक्टरांच्याच मागच्या दारी गेले होते. होय, त्यांच्या घरी मासे आमचेच. डॉक्टरीणबाईंनी टोपलीत हात घालून सरंगे उलटेपालटे केले, कल्ले उघडून बघितले, चार निवडले. मी खवले काढून, तुकडे करून दिले. माझ्या हातांनी. तेव्हा वास कोणाला आला नाही.

बाकीची टोपली विकून दुपारी घरी आले तर बाय बरगडीखाली हात दाबून बसलेली. "हंय दुखता गो," म्हणाली. मग एकदम डोळे फिरवले. हातपाय ताठ. दातांखाली जीभ सापडली, फेसाबरोबर रक्त आलं. अंग गदागदा हलायला लागलं. थांबलं. परत सुरू झालं. आये किंचाळली. कोणी घाडी आणायला पळालं, भूतबाधा उतरवणारा. मी डॉक्टरकडे पळाले.

कंपाउंडर ओटीवर आला. "डॉक्टर जेवतत. थांब थंय."

मी खळ्यात थांबले. आतून कढीचा वास येत होता. मी कापून दिलेल्या सरंग्यांची कढी. ताटवाट्यांचा आवाज येत होता. कोणी तरी भात मागितला. मी ओरडले. कंपाउंडर परत आला आणि गप बसायला सांगून गेला. मी गप बसले. आज मला सगळ्यात जास्त राग त्याचा येतो, की मी गप बसले.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. मी रडत सांगितलं, "बायक झटके येतत. तोंडातसून रगत येता. चला."

"वाडीत मी येत नाही. तुमचा घाडी असतो ना? त्याला सांगा."

आणि आत गेले.

मी परत पोचले तोवर बाय गेली होती. पोटातलं पोर पण. घाडी तांदूळ फेकत होता. तो म्हणाला, भर दुपारी दर्यावर बसायची, लागीर झालं. सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा. कितीतरी वर्षं मी तेच खरं धरून चालले.

मग सरकारी दवाखान्यातली एक नर्सबाई वाडीत यायला लागली. घाटावरची. आमच्या ओटीवर बसली, आमच्या मडक्यातलं पाणी प्यायली. तिच्या पिशवीत तीच पेटी, तोच पट्टा. पोटुशी बायकांच्या दंडाला ती तो सरळ बांधायची. नाकाला पदर नाही.  मी तिला बायची सगळी गोष्ट सांगितली. तिने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली:

"तुझी बहीण उन्हाने गेली नाही. लागिराने तर नाहीच. पोटुशीला रक्ताचा दाब चढतो. तोंड, हात सुजतात, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे चमकतं, बरगडीखाली दुखतं. मग झटके येतात, आई आणि मूल दोन्ही जातात. एखादीला यातलं काही म्हणता काही होत नाही, तरी दाब चढलेला असतो. म्हणून पट्टा बांधून बघायचा असतो."

"पट्टो बांधलो असतो तर बाय जगली असती?"

नर्सबाई खोटं बोलली नाही. "ते सांगता येत नाही. पण कळलं असतं. इस्पितळात नेता आली असती."

कळलं असतं. त्या दिवशी मी रडले नाही. डोक्यात जाळ झाला. भूत होतं, होतं ना! पांढऱ्या सदऱ्यातलं होतं, चार सरंगे खाऊन हात पुसत होतं.

गोवा सुटल्यावर माझं लग्न झालं, तारकर्लीला. पहिल्यांदा दिवस राहिले. सातव्या महिन्यात एका सकाळी मला माझी जोडवी बोटांतून निघेनात. तोंड जड. दोन दिवस डोकं ठणकत होतं. सासू खूश झाली. "आंग भरला हो." तेच शब्द. नर्सबाईची तोवर बदली झाली होती, तिच्या जागी कोणी आलं नव्हतं. मी घोवाला म्हटलं, होडी काढ.

मालवणात उतरले, त्याच घरी गेले. खळ्यात थांबले नाही. पायऱ्या चढले. बाकांवरच्या बायकांनी पाय आखडून घेतले. मी त्यांच्यामधून आत गेले आणि डॉक्टरांच्या समोरच्या स्टुलावर बसले. बाही वर केली.

"खाली जा. नंबर आला की बोलावू."

"जावचंय नाय. पट्टो बांधा."

"कुठे काय बांधायचं ते तू मला शिकवणार?"

"होय. शिकवतंय."

कंपाउंडर पुढे आला. "हात लावलंस तर हंयच बोंब मारतलंय," मी म्हटलं. तो मागे सरला. मग मी डॉक्टरांकडे बघून, ओटीवर ऐकू जाईल अशी बोलले:

"माझ्या हातान कापलेले मासे तुमका गोड लागतत. माझ्या हाताक पट्टो बांधूक वास येता? माझी भयण ह्याच खिडकीकडे उभी होती. डोक्या दुखता म्हणान सांगी होती. तुमी तिका माजली म्हटलास. पाच दिसांनी मेली."

ओटीवर कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी एकदा बाहेर बघितलं. लाज वाटून नाही, लोक ऐकत होते म्हणून. त्यांनी पेटी ओढली आणि पट्टा बांधला. पारा बघितला. सोडला. परत बांधला, परत बघितला. तोंड उतरलं.

"आजच्या आज मोठ्या इस्पितळात जा. घरी जाऊ नकोस."

चिठ्ठी लिहून दिली. मी गेले. दिवस भरायच्या आधी मुलगी झाली, वीतभर. जगली. मीही जगले.

आणि आता ऐका. गावात बोलबाला काय झाला? डॉक्टरांनी गाबतीण वाचवली. स्वतःच ते सांगत होते, आल्यागेल्याला. सासूने घरातली सगळ्यात मोठी सुरमय केळीच्या पानात बांधली. "डॉक्टरान तुका वाचवल्यान. दी नेवन, पाया पड."

"पडूचंय नाय," मी म्हटलं. ती सुरमय आम्ही घरात खाल्ली. सासू आठ दिवस बोलली नाही.

त्याने मला काय दिलं? बायला नाकारलं तेच. तेही मी ओरडले तेव्हा. उपकार कसले?

आता मी तारकर्लीपासून पुढच्या वाड्यांपर्यंत मासे विकते, आणि दारात पोटुशी दिसली की आधी तिच्या तोंडाकडे बघते. नडगीवर अंगठा दाबून सुजेचा खड्डा पडतो का बघते. डोकं दुखतं का विचारते. काही दिसलं नाही तरी दंड तपासून घे म्हणून सांगते. बायका लाजतात, सासवा मला शिव्या घालतात. घालू देत.

काल एक भेटली. सहावा महिना. डोळ्यांपुढे चमकतं म्हणाली, आणि सासू लगेच म्हणाली, ऊन लागलं. आज सकाळी टोपली घरी ठेवून मी तिला घेऊन निघाले आहे. आम्ही त्याच डॉक्टरच्या पायऱ्या चढणार, आणि ती स्टुलावर बसणार. त्याने हाकललं तर ओटीवरून हलणार नाही, आणि तो का हाकलतो ते अख्ख्या मालवणला ऐकू जाईपर्यंत मी ओरडणार आहे.