ट्रकची खांदमळणी

सोनपेठच्या मुंजाजीचा ट्रक मिलिटरीच्या लिलावातला, म्हातारा. पण चारही चाकांनी ओढणारा. काळ्या रानात रुतलेलं कुणाचंही ट्रॅक्टर बाहेर काढायला तोच लागायचा. अंगणातल्या लिंबाखाली मुंजाजी त्याला स्वतःच खोलायचा, स्वतःच जोडायचा. "नट न नट पाठ हाय मला. मिस्त्री कशाला पायजे?" हे तो ताठ मानेनं सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

शहाऐंशी सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यानं ट्रकचं वजन पेलणारे चाकांवरचे कमानपाटे रॉकेलनं धुतले, पुसले, निरखून पाहिले. तेवढ्यात बायको, कस्तुराबाई, वाटीत लोणी-हळद घेऊन आली. आज बैलांचे खांदे मळायचा दिवस. घरात बैल उरले नव्हते, पण खांदमळणी चुकवणं तिला मंजूर नव्हतं.

"लोखंडाला कुठं खांदे असत्यात का?" मुंजाजी खवळला.

"मग घराचं वझं कोण वढायलंय?" म्हणत ती चाकापाशी बसली आणि पुढचा कमानपाटा तिनं हळदीनं चोळचोळून मळला.

मुंजाजीनं रागारागानं फडकं मारलं. सगळी हळद निघाली. केसाएवढी एक पिवळी रेघ तेवढी राहिली. त्यानं पुन्हा पुसलं. रेघ तशीच. नख फिरवलं, तर ते अडकलं. पाटा तडकला होता आणि हळद त्या फटीत शिरून बसली होती.

मुंजाजी खाकरला, उठला आणि त्यानं वाटी उचलून मागच्या चाकापाशी नेऊन ठेवली.

"मागचे खांदे राह्यलेत," तो दरडावून म्हणाला. "हळद लय लाव."