भावाचा डावा कान

मी गावचा मास्तर होतो आणि माझा सख्खा पुतण्या गुरं राखत होता. नेकनूरच्या बाजाराला निघालेली माणसं शाळेपुढून जाताना मुद्दाम विचारायची, "काय मास्तर, दिव्याखाली अंधार का?" मी हसून वेळ मारून न्यायचो आणि आत जाऊन हाताला लागेल त्या पोराला बडवायचो. पुतण्या आठ वर्षांचा झाला होता. आणखी एक-दोन वर्षं गेली असती तर तो कायमचा गुरांमागे गेला असता. मी भावाला दहादा विचारलं, "दादा, पोराला शाळेत कावून धाडत न्हाईस?" तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकून घ्यायचा आणि उत्तर न देता कामाला लागायचा.

कारण मला ठाऊक होतं. त्याचा डावा कान मी फोडला होता.

आम्ही दोघं एकाच दिवशी शाळेत बसलो. मी नऊ वर्षांचा, तो बारा. घरी-दारी मराठी, पण राज्य निजामाचं, म्हणून पुस्तक उर्दू. आमच्या मास्तरांनाही उर्दू बेताचीच होती, त्यामुळे समजावून सांगायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. वडिलांनी आम्हाला त्यांच्यापुढे उभं केलं आणि त्या काळी सगळे बाप म्हणत तेच म्हटलं, "चामडं तुमचं, हाडं आमची." म्हणजे हवं तेवढं झोडपा, फक्त हाड मोडू नका. मास्तरांनी मान डोलावली.

मास्तर स्वतः फारसे मारत नसत. त्यांची रीत निराळी होती. ते सबक, म्हणजे आदल्या दिवशीचा धडा, विचारायचे. ज्यांना आला नाही ते उभे राहायचे आणि ज्याला आला त्यानं उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडात द्यायची. मास्तर बसल्या जागी पान लावायचे आणि शाळा चालायची.

मला पुस्तकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पोपटपंची झकास जमायची. भावाची खोड अशी, की अर्थ लागल्याशिवाय शब्द त्याच्या डोक्यात शिरायचा नाही. तो विचारायचा, "मास्तर, म्हंजी काय?" त्याला पहिला मार या प्रश्नाबद्दलच बसला.

मग मी भावाला रोज मारू लागलो. पहिल्या दिवशी हात हळूच लावला. मास्तरांनी मला जवळ बोलावलं, "अशी मारतेत बे," म्हणाले, आणि माझ्या तोंडात अशी दिली की ओठ दातावर फाटला. दुसऱ्या दिवसापासून मी नीट मारायला शिकलो. आता खोटं कशाला बोलू, मला ते आवडू लागलं. घरी हाच भाऊ मला एका हातानं उचलून विहिरीत फेकायचा. शाळेत तो हात खाली सोडून माझ्यापुढे उभा राहायचा, आणि माझा हात पोचावा म्हणून मान जराशी वाकवायचा. त्या वाकवलेल्या मानेची आठवण झाली की आजही मला स्वतःचा संताप येतो.

एके दिवशी सकाळी त्यानं माझी गोफण ओढ्यात टाकली. मी तो राग शाळेत घेऊन गेलो. सबक होता, "दरख़्त की जड़ ज़मीन में होती है." मी घडाघडा म्हटला. भावाला आला नाही. त्यानं विचारलं, "मास्तर, दरख़्त म्हंजी काय?" मास्तरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी टाचा उचलल्या, पंजा पुरता उघडला आणि अंगातलं सगळं बळ लावून दिली. ती कानावर बसली. तो भिंतीवर आदळून खाली बसला. कानावर दाबलेल्या त्याच्या बोटांमधून रक्ताची बारीक धार मनगटापर्यंत आली. मास्तर मला "शाबास" म्हणाले.

आईला त्यानं सांगितलं, बाभळीवरून पडलो. तिनं लसूण घालून तापवलेलं तेल कानात ओतलं. महिनाभर पू वाहत होता, रात्रभर तो उशी चावून कण्हायचा. पुढे पू थांबला आणि ऐकूही येईना. तो पुन्हा शाळेत आला नाही. माझं नाव त्यानं घरात कुणालाही सांगितलं नाही, याचा मला तेव्हा आनंद झाला होता.

मी शिकत गेलो, मास्तर झालो आणि तीच रीत चालू ठेवली. हुशार पोरानं ढ पोराच्या तोंडात द्यायची. मला दुसरी रीत माहीतच नव्हती, आणि ही बसल्या जागी चालणारी होती.

नंतर सरकारनं आम्हा मास्तरांना औरंगाबादेला तालीम घ्यायला पाठवलं. तिथले उस्ताद उत्साही होते. माणूस शिकतो कसा, यावर परदेशातल्या विद्वानांनी काय काय शोधलंय ते सांगायचे. एकानं म्हणे मांजर पिंजऱ्यात कोंडलं. ते धडपडलं, चुकलं, कडी निघाली, खायला मिळालं. मग चुका कमी होत गेल्या. एकानं खाणं देताना कुत्र्याला घंटा ऐकवली, पुढे नुसत्या घंटेनं कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. कुणी म्हणे, पोर रिकामा घडा नव्हे, त्याला आधी जे ठाऊक असतं त्यावरच नवं चढतं. कुणी म्हणे, हातानं केल्याशिवाय डोक्यात जात नाही. शेवटी इम्तिहान झाला. "पाठांतरानं ज्ञान येत नाही," हे वाक्य मी पाठ करून लिहिलं आणि पहिल्या नंबरानं पास झालो.

गावी परतलो. जेवून उठलो, खुंटीवरचा रुमाल घ्यायला हात वर केला. खाली भाऊ बसला होता. माझा हात वर गेल्याबरोबर त्याची मान वळली आणि डावा खांदा कानापर्यंत उचलला गेला. तिशी ओलांडलेला, दोन बैलांचं औत एकट्यानं वळवणारा माणूस. त्याचं त्यालाही कळलं नसावं. मला औरंगाबादेत ऐकलेलं ते घंटेचं कुत्रं आठवलं. लाज वाटायला हवी होती, पण मला रागच आला. हा अजून विसरत कसा नाही, असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मी तीन पोरांना उभं करून हुशार पोराला त्यांच्या तोंडात द्यायला लावल्या.

त्या उन्हाळ्यात भाऊ एका गोऱ्ह्याला, कोवळ्या बैलाला, औत ओढायला लावत होता. मी बांधावर बसून बघत होतो. गोऱ्हा एकटा जुंपायचा नाही, म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला जुंपायचा, ही आमच्याकडची रीत. मागे औत नाही, नुसता बाभळीचा ओंडका. गोऱ्हा ओढ घ्यायचा, आडवा व्हायचा, म्हातारा आपल्या चालीनं चालत राहायचा. दमला की गोऱ्हा आपोआप त्याच्या पावलावर यायचा. पुतण्या हातात कडब्याची पेंढी घेऊन पुढे चालला होता आणि गोऱ्ह्याला सांगत होता, "त्याच्याकडं बघ, त्याच्याकडं बघ."

अर्धा दिवस गेला. मला कुठेच धीर नव्हता, तिथेही नव्हता. मी ओरडलो, "दोन हाण की दादा! संध्याकाळपत्तोर शिकंल." मी त्याच्या डाव्या अंगाला होतो, त्याला ऐकू गेलं नाही. मी बांधावरचा आसूड उचलला, खाली उतरलो आणि गोऱ्ह्याच्या पाठीवर ओढला. एक, दोन.

गोऱ्हा उसळला. म्हातारा बैल गुडघ्यांवर कोसळला, जू तडकलं. ओंडका फिरला आणि पुतण्याच्या नडगीपासून वीतभर अंतरावरून गेला. पोरगं पेंढी छातीशी धरून जागच्या जागी उभं होतं.

भाऊ आला. त्यानं माझ्या हातातला आसूड हिसकावला आणि माझ्या पाठीवर ओढला. सदरा फाटला. दुसरा खांद्यावर बसला, तिसऱ्याला मी मातीत पडलो. आयुष्यात त्यानं मला मारलं ते तेवढंच.

"काय शिकलास?" त्यानं विचारलं.

मी तोंडातली माती थुंकत होतो.

"सांग की मास्तर! गोऱ्हा कसा लावायचा, कळलं का?"

"न्हाई."

"मंग काय कळलं?"

"भ्याव वाटलं," मी म्हणालो. "अन् तुझा लई राग आला."

तो धापा टाकत उभा होता. "मला बी तेवढंच कळलं व्हतं," म्हणाला. आसूड टाकून तो म्हाताऱ्या बैलाला उठवायला गेला.

चार दिवस मी पालथा पडून होतो, शाळा बंद होती. वहिनी पाठीला हळद लावून जायची. पाचव्या दिवशी शाळा उघडली तर दारात भाऊ उभा, पोराचा हात धरून. पोराला माझ्यापुढे उभं करून तो म्हणाला, "चामडं तुझं, हाडं बी तुझी. कान तेवढे माझे हायेत."

मी पोराचा हात धरून त्याला आत नेलं.

योग असा, की त्या दिवशी सबक तोच होता. दरख़्त की जड़. हुशार पोरानं घडाघडा म्हटला. नवं पोर उभं राहिलं, त्याला काय येणार? मी काही बोलायच्या आत ते हुशार पोर सवयीनं उठलं, टाचा उचलल्या, पंजा उघडला. पुतण्यानं हात खाली सोडले होते.

मी झेप घेऊन त्या पोराचं मनगट धरलं, इतकं जोरात की ते कळवळलं. माझ्या हाताला धरतानाही मारायचंच माहीत होतं. मी बोटं सैल केली. "त्याच्याशेजारी बस," मी म्हणालो, "अन् त्याला अर्थ सांग."

पोर रडत म्हणालं, "अर्थ मला बी ठावूक न्हाई, मास्तर."

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. "काका, दरख़्त म्हंजी काय?"

हा प्रश्न विचारला की काय होतं, ते सगळ्या पोरांना ठाऊक होतं. मी पोरांना उठवलं, बाहेर नेलं आणि शाळेपुढच्या कडुलिंबाच्या खोडावर हात ठेवला. "दरख़्त म्हंजी झाड," मी सांगितलं. खाली बसून मुळाजवळची माती उकरली. "जड़ म्हंजी हे मूळ. झाडाचं मूळ जमिनीत असतं."

भाऊ अजून गेला नव्हता. उजवा कान आमच्याकडे करून तो दाराशी उभा होता. लिंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"येवढंच व्हतं?" त्यानं विचारलं.

"व्हय दादा," मी म्हणालो. "येवढंच व्हतं."