मंगळवारचा टँकर

वहिनींचं आजारपण मी निभावलं, असं आमच्याकडं बोललं जातं. पाहुण्यांसमोर कुणी ते काढलं, की मी चहाचा कप घेऊन गच्चीवर निघून जातो. लोकांना वाटतं, माणूस संकोची आहे. तसा मी आहेच, पण कारण ते नाही.

दुष्काळाची वर्षं होती. थोरला भाऊ जनावरं घेऊन चारा छावणीवर राहत होता, पोरी सासरी, आणि पाचोडजवळच्या आमच्या गावात वहिनी एकट्या. त्यांच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. इलाज शहरात, आणि शहरात मी. शहराच्या कडेला, हर्सूलला आम्ही नवा फ्लॅट घेतला होता. आजूबाजूला इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा.

औषधाचं सलाईन दर तीन आठवड्यांनी, मंगळवारी. पहिल्या वेळी मी वहिनींना दवाखान्याच्या दारात सोडलं, आधी ही खिडकी, मग ती, असं भराभरा सांगितलं आणि ऑफिस गाठलं. संध्याकाळी त्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. घरी आल्यावर उलट्या झाल्या. न्हाणी धुताना बायकोनं पिंपाचं झाकण आपटलं. मी ऐकलं. वहिनींनीही ऐकलं असणार.

पुढच्या खेपेला त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी फोन केला नाही.

त्या दवाखान्यात एक ताई नव्यानं नेमल्या होत्या. बाहेरगावच्या पेशंटला हाताला धरून एका खिडकीवरून दुसरीवर न्यायचं आणि यायचा थांबला त्याचा माग काढायचा, हे त्यांचं काम. त्यांचा मला फोन आला. मी सांगून टाकलं, ‘‘त्यांची इच्छा नाही.’’

मी वहिनींना विचारलंच नव्हतं. त्या येईनात म्हणून मला सुटल्यासारखं वाटत होतं, एवढंच खरं होतं.

ताई शांतपणे म्हणाल्या, मग त्यांच्या तोंडून एकदा ऐकते, रविवारी फोन लावते, नंबर द्या. नंबर द्यावाच लागला. रविवारी सकाळीच एसटी धरली. ‘ताईंना नको म्हणून सांगा’ असं वहिनींच्या गळी उतरवायला मी निघालो होतो. होय, तिथपर्यंत गेलो होतो मी.

पोचलो तेव्हा फोन आधीच चालू होता. वहिनी ओट्यावर बसून, मोबाईल स्पीकरवर टाकून, हातभर लांब धरून मोठ्यानं बोलत होत्या.

‘‘इच्छा कशी नसल, ताई? मंगळवारी टँकर येतो. विहिरीत पाणी सोडतेत. ज्या घरचं माणूस काठावर नाय, त्या घरची टिपाडं आठवडाभर कोरडी. पहिल्या बारीला शेजारणीनं दिलं आपल्यातलं. तिनं तरी किती द्यावं?’’

ताई म्हणाल्या, दवाखान्यात छातीच्या पेशंटचा वार मंगळवारच, तो त्यांच्या हातात नाही. पाणी दुसऱ्या कुणी भरलं तर चालेल का? वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. आणि फोन माझ्या हातात दिला.

‘‘मी भरीन,’’ मी म्हणालो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, कटकट करील. ती म्हणाली, ‘‘मला आधी विचारलं होतं का कुणी?’’ मग ठरलं. सलाईनच्या आदल्या दिवशी वहिनी शहरात, मी गावात. सकाळी बायको त्यांना ताईंच्या हवाली करणार, संध्याकाळी घरी आणणार.

विहिरीच्या काठावर सगळ्या बायका आणि मी एकटा बाप्या. टँकर रिकामा झाला की एकदम दोर सुटायचे. माझा पोहरा तळाला टेकण्याआधीच दुसऱ्यांचे वर यायचे. एक म्हातारी म्हणाली, सायबानं पोहरा धरला, आता पाऊस पडतोच बघा. दुसरी म्हणाली, दोर हळू सोडा सायेब, फाईल नाय ती सरकवायला. तळहात सोलून निघाले. टिपाडं मात्र भरली.

वहिनींनी त्यानंतर एकही खेप चुकवली नाही. शेवटचं सलाईन झालं, त्या गावी परतल्या, आणि भरलेल्या टिपाडाशी उभं राहून मी एकदाचं बोललो. तुमची इच्छा नाही असं ताईंना मीच सांगितलं होतं, वहिनी.

त्या पदराखाली औषधानं केस गेलेलं डोकं चाचपत होत्या.

‘‘अगदीच खोटं नव्हतं ते, भाऊजी. तुमच्या घरी यायची इच्छा नव्हतीच मला.’’

मी टिपाडावर फडकं बांधायला घेतलं.

‘‘आता हाय. पण तेवढं पिंपाचं झाकण बदला. लई वाजतं.’’

त्याच आठवड्यात गुलमंडीच्या बाजारातून नवं पिंप आणलं, प्लास्टिकचं. वहिनी अजून तपासणीला येतात. चप्पल काढली, की आधी त्याचं झाकण उघडून बघतात, आणि तांब्या बुडवून पोटभर पाणी पितात.