आबांचा जीव कशात अडकला होता

आमच्याकडं माणूस मरणाला टेकलं आणि लवकर गेलं नाही, की जो येईल तो विचारतो, याचा जीव कशात अडकलाय? मला त्या प्रश्नाची चीड येते. माझ्या वडिलांचा जीव कशातच अडकला नव्हता. आबांचा गाल दुखत होता, एवढंच.

तंबाखूनं झालेला कॅन्सर जबड्यात उतरला होता. बोलणं बंद झालं होतं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं आणि दुखणं थांबवायला मॉर्फिनचं पातळ औषध दिलं. नर्सबाईंनी मला आणि थोरल्या भावाला समोर बसवून बजावलं, "कण्हायची वाट बघू नका. दर चार तासांनी द्या." भाऊ "बराबर, बराबर" म्हणत राहिला आणि घरी येताच बाटली कपाटात ठेवून मोकळा झाला.

"नशेचं औषध हाय ते," तो म्हणाला. "आबानं जन्मात दारूला हात लावला न्हाई. जाता जाता नशा करू का त्यांना?"

तंबाखू तो नशेत धरत नसावा.

आबा कण्हू लागले तशी गावाची अक्कल घरात यायला लागली. कुणी म्हणालं, शेतात जीव आहे. भावानं शेतातली माती आणून जिभेला लावली. कुणी म्हणालं, देवात आहे. हळद शिजवायची सोडून तो औंढ्याला गेला, तीर्थ घेऊन आला. मग आवडीची बुंदी. चिघळलेल्या तोंडात बुंदीचा दाणा! आबांनी डोळे घट्ट मिटले, तर वहिनी म्हणाली, "समाधान झालं बघा." भाऊ वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. तो जीव तोडून करत होता.

शेवटी सगळ्यांना धाकटे काका आठवले. बांधाच्या भांडणापासून आबांचं आणि त्यांचं बोलणं नव्हतं. त्यांना आणायला भाऊ आणि वहिनी बाळापूरला गेले. घरात मी एकटीच होते. मी कपाट उघडलं आणि नर्सबाईंनी दाखवलं होतं तेवढंच औषध आबांना दिलं. हळूहळू खाटेची गच्च धरलेली कड त्यांच्या हातातून सुटली. कपाळ सैल झालं. कितीतरी दिवसांनी आबा झोपले होते, आणि मी त्यांच्या पायाशी बसून हुंदके देत होते.

तेवढ्यात काका आले. आबांच्या ओठांवर पाण्याचा थेंब सोडून लेकरासारखे रडले. भाऊ शांत झोपलेल्या आबांकडं बघत म्हणाला, "काकातच जीव व्हता."

"मी औषध दिलं, दादा. त्यानं झोप लागली."

"काहून दिलं?" तो माझ्यावर ओरडला. त्यानं कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

सांजेला औषध उतरलं आणि आबा पुन्हा कण्हू लागले. मी नर्सबाईंना फोन लावला. त्यांनी फोन भावाकडं द्यायला सांगितलं. "व्हय मॅडम, देऊन राहिलो ना टायमावर," तो अदबीनं बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. मी ओरडून सांगितलं, खोटं बोलतोय. पण फोन बंद झाला होता.

काका तर भेटले, मग आता कशात जीव राहिला? सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. नवऱ्याला सोडून माहेरी आलेली लेक. "तुझ्याच काळजीत अडकलेत बाई," म्हातारी चुलती म्हणाली. "तू समोरून हल."

मी हलत नव्हते. भावानं दंडाला धरून मला शेजारच्या घरी नेऊन बसवलं. शेजारणीनं चहा केला. भिंतीपलीकडून आबांचा आवाज येत होता. मी कानांवर हात ठेवले, तरी येत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो थांबला.

भाऊ मला न्यायला आला. रडून त्याचा चेहरा सुजला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवून तो मायेनं म्हणाला, "तू हललीस अन् आबा सुटले."

आता गावात कुणाचं दुखणं लांबलं की लोक आमच्या आबांचा दाखला देतात. परवा पलीकडच्या आळीतल्या एका म्हातारीच्या खाटेजवळून तिच्या लेकीला असंच उठवलं.