अकोल्यात ऊन मागणाऱ्या काकू

माझ्या चुलतसासूबाईंनी जन्मात कुठलीच गोष्ट हरकत घेतल्याशिवाय होऊ दिलेली नाही. त्यात माझं लग्नही आलं. पत्रिका, नोकरी, घरदार सगळं पटलं होतं, सुपारी फुटणार एवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "माही हरकत हाये. पोरगा जेवताना दुसऱ्यांदा काहीच मागत नाही. लाजून राहिला का त्याले पचत नाही, हे आधी पाहा." मी तिथल्या तिथे आणखी पुरणपोळी मागून घेतली, वर तूप मागितलं, तेव्हा कुठे आमचं ठरलं. लग्नात मात्र सर्वांत जास्त राबल्या त्याच, आणि पाठवणीच्या वेळी माझ्या बायकोपेक्षा जास्त रडल्याही त्याच.

बायको त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही म्हणतो. अकोल्यातली त्यांची अख्खी गल्लीही तेच म्हणते. काका वकील होते. ते दिवसभर कोर्टात हरकती घेत आणि संध्याकाळी घरी आले की त्यांच्यावर घेतल्या जात. काका गेले, पण तो शब्द काकूंनी ठेवून घेतला. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हटलं तर काकूंची हरकत, "तुमी दवाखाना वरच्या मजल्यावर काढला, मी जिना चढून आली, अन् लगेच पट्टा बांधला. हे माप खाली पायरीवर बसवून घ्या." एकदा अमरावतीहून आमच्यासोबत एसटीने येताना मूर्तिजापूरला ड्रायव्हर घाईघाईने चहा पिताना दिसला, तर खिडकीतून त्यालाही हरकत, "काहून घाई करून राहिला बाप्पा? तोंड पोळन. बस काय तुले टाकून पळून राहिली का?" त्याने खरोखर बशी मागवली, चहा ओतला, फुंकून फुंकून प्यायला. बस उशिरा निघाली याबद्दल काकूंनी पुढे अकोल्यापर्यंत कंडक्टरला धारेवर धरलं.

काकूंच्या घराच्या पूर्वेला एक मोकळा प्लॉट होता. शहराच्या नकाशात तिथे बगीचा होता. जमिनीवर बाभळी होत्या आणि दुपारी बसायला येणाऱ्या गाई. एक दिवस पेपरात जाहीर सूचना आली. बगीच्याचं आरक्षण उठवून तिथे सात मजली इमारतीला परवानगी देण्याचा विचार आहे, ज्या कुणाची हरकत असेल त्याने ती लेखी कळवावी. काकू हे वाचून ताठ उठून बसल्या असणार, मी शपथेवर सांगतो. जन्मभर त्या न विचारता हरकती घेत आल्या होत्या, आणि आता सरकार स्वतः होऊन विचारत होतं. तासाभरात मला अमरावतीला फोन. "जवाईबापू, तुमी या. तुमाले लेहता येते."

मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे लिहायला सांगितलं की मला चेव येतो. शहराची हिरवळ, बालकांचं खेळणं, पाणीपुरवठ्यावरचा ताण, असं एक घसघशीत निवेदन मी तयार केलं आणि काकूंना खड्या आवाजात वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे कोनाचं हाये?" म्हटलं, तुमचंच की. "माह्यं नाही. मले बगीचाबी नको होता. झाडं वाढली असती तं त्यायची सावली पडली असती. तुमी ऊन लेहा. माह्या गच्चीवरचं सकायचं ऊन जाते, एवढंच लेहा. खोटं कायले लेहाचं?"

ज्या गावात मे महिन्यात झाडाखाली स्कूटर लावायला जागा मिळाली तरी माणूस देवाला हात जोडतो, त्या गावात ऊन कमी होईल अशी तक्रार मी माझ्या हस्ताक्षरात लिहिली. पण काकूंचं म्हणणं मला माहीत होतं. दर उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर गल्लीचं वाळवण पडतं. पापड, सरगुंडे, आणि सगळ्यांत मोठा सोहळा कुरड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या कुरोड्यांचा. गव्हाचा चीक पहाटे शिजवायचा, उजाडता उजाडता सोऱ्याने घालायच्या, मग उलटायच्या, झाकायच्या, परत घालायच्या. दोन-तीन दिवस गच्ची बायकांनी फुललेली. त्यातला एक डबा वर्षाच्या वर्षी आमच्याकडे अमरावतीला येतो, सोबत मी मागच्या वर्षीचा डबा न घासता परत केल्याची हरकत घेऊन.

सुनावणीला मी सोबत गेलो. साहेब नुकतेच कोकणातून बदलून आलेले, मानेवर ओला रुमाल आणि डोळे कूलरकडे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "आजी, म्हणजे तुमच्यावर सावली पडणार, ही तुमची हरकत?"

"माह्यावर नाही. कुरोड्यांवर."

सगळा हॉल हसला. शिपाई तर भिंतीला टेकला. काकूंनी पिशवीतून दोन डबे काढले, घरून तळून आणलेल्या कुरोड्यांचे. "ही उन्हातली. ही टाकीच्या आडोशाले वायलेली. दोन्ही खाऊन पाहा, मंग हासा." बिल्डरचे वकील उठून म्हणाले, याला पुरावा म्हणत नाहीत. "तुमीबी घ्या," काकू म्हणाल्या. वकिलांनी घेतली. साहेबांनी पहिली मोडली, तिचा आवाज कूलरच्या वर ऐकू आला. दुसरी त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवली आणि पाणी मागवलं. "जरा आंबूस लागते," ते म्हणाले. "लेहून घ्या," काकू म्हणाल्या. मग त्या जे बोलल्या त्यावर कुणी हसलं नाही. "साहेब, आमच्या गल्लीत कोनाले गच्ची हाये? कोनाचे टिनाचे घर, कोनाची एक खोली. वर्षातून एकदा साऱ्या जनी माह्याकडे येतात. ऊन गेलं तं कायले येतीन?"

निकाल आला. हरकतीची नोंद घेण्यात आली आहे, तथापि प्रस्ताव मंजूर करण्यात येत आहे. काकूंनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "सारं बराबर लेहलं होतं. हा तथापि कोनी घातला मधात?"

इमारत उभी राहिली. सकाळचं ऊन काकूंच्या गच्चीवर पार अकराला येऊ लागलं. तेवढ्या वेळात चीक आंबतो, म्हणून त्या उन्हाळ्यात बायका विकतच्या कुरोड्यांच्या गोष्टी करू लागल्या. तेव्हा त्याच इमारतीत राहायला आलेल्या एका सूनबाईने काकूंना निरोप दिला, "आमच्या गच्चीवर घाला ना. भरपूर ऊन आहे." काकूंची लिफ्टवर हरकत होती, "उभ्याउभ्या वर नेते, सरनावर टाकल्यावर नेतीन तसं." पण गेल्या. आम्ही नवराबायको पातेली उचलायला गेलो होतो. सातव्या मजल्याच्या वर ते काय ऊन, काय वारा! चारी बाजूंनी कसलाच आडोसा नाही. दुपारीच कुरोड्या खुळखुळायला लागल्या. बायका खूश. चादरी घड्या केल्या, डबे भरले आणि चहाच्या आधी सगळ्या लिफ्टने खाली उतरल्याही.

काकू कठड्याशी उभ्या होत्या. खाली त्यांची गच्ची दिसत होती, पाटाएवढी, रिकामी. "लय लवकर वायल्या," त्या म्हणाल्या. मला ती शाबासकी वाटली. परत येताना बस मूर्तिजापूरला थांबली आणि चहा ओतलेली ती बशी आठवली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: कुरोड्या लवकर वाळल्या, म्हणून बायकाही लवकर गेल्या. फार वाईट वाटलं मला. जिला आयुष्यभर नाही म्हणायला लाज वाटली नाही, तिला हे एक सांगता आलं नव्हतं.

डबा आला. तेलात सोडल्या की कुरोड्या कढईभर फुलत होत्या. इतक्या सुरेख त्या कधी झाल्याच नव्हत्या. मी फोन लावला. "काकू, माझी हरकत आहे."

या घरात हा शब्द दुसऱ्या कुणी वापरलेला नव्हता. "कायची?"

"कुरोड्या ओल्या राहिल्यात."

"माह्या? ओल्या?" आवाज असा चढला की फोनची गरज उरली नाही. "तुमाले कुरोडीतलं काय समजते?"

"ते काही नाही. परत उन्हात घालाव्या लागतील. रविवारी डबा घेऊन आम्ही दोघं येतो. गल्लीतल्या बायकांनाही सांगा, त्यांच्याही ओल्याच असतील. दोन दिवस तरी लागतील."

वकिलाच्या घरात जन्म गेलेला, खोटी हरकत त्यांना ओळखता येत नसेल असं मी समजत नाही.

"या मंग," त्या म्हणाल्या. "पन आपल्याच गच्चीवर घालू. वरती लय लवकर वायते."