रतनबाईचं मोकळं कपाळ

महाळुंग्याच्या रतनबाईला नवऱ्याने नांदवलंही नाही आणि सोडलंही नाही. मुरारी देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला लागला, तिथेच त्याने दुसरी बाई ठेवली, आणि रतनबाई सासू-सासऱ्यांजवळ राहिली. सासरे सोपानराव फार बोलत नसत, पण सून घरात कुढते हे त्यांना दिसत होतं. चाकणच्या सरकारी दवाखान्यात झाडलोटीला बाई हवी असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनीच तिला तिथे नेऊन सोडलं.

दवाखान्यात इंदुताई नावाच्या नर्स होत्या, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या हाताखाली रतनबाई चिमटे-कात्र्या उकळायला शिकली, अडलेल्या बाईला धीर द्यायला शिकली. एक दिवस तिने भीतभीत विचारलं, नर्स व्हायचं तर काय करावं लागतं? इंदुताईंनी नीट समजावलं. त्या स्वतः मॅट्रिक होऊन चार वर्षं शिकल्या होत्या, आणि त्या वाटेला इंग्रजीशिवाय जाता येत नव्हतं. अक्षरओळख नसलेल्या सुइणींसाठी काही महिन्यांचं शिक्षण होतं, पण त्यांनी गावातच राहून सुईणपण करायचं. नर्स म्हणून त्यांना कुणी नेमत नसे. या दोन्हींच्या मधला एक कोर्स नुकताच निघाला होता. दोन वर्षांचा, मराठीतून, सातवी झालेल्या बायकांसाठी. पुढे एखाद्या गावच्या केंद्रावर नेमणूक आणि राहायला खोली.

रतनबाई चौथी शिकलेली. दुपारी दवाखाना ओस पडला की ती इंदुताईंसमोर पुस्तक घेऊन बसू लागली. पहिल्या खेपेला गणितात गेली, दुसऱ्या खेपेला सातवी पास झाली.

पुण्यातल्या एका इस्पितळात मेट्रनबाईंना ती पसंत पडली. मग त्यांची नजर मंगळसूत्रावर गेली. कोर्सला कुमारिका आणि विधवा घेत. नवरा असेल तर त्याने स्वतः येऊन संमती द्यायला हवी होती.

रतनबाई देहूरोडला गेली. मुरारी खोलीच्या दारातच उभा राहिला, तिला आत ये म्हणाला नाही. संमती दे, नाहीतर काडीमोड तरी दे, असं तिने सांगितलं.

"माझ्या नावाची बाई परक्या बाप्यांची अंगं पुसणार न्हाई," तो म्हणाला. "आन काडीमोड दिली तर उद्या दुसरा दादला करशील. लोक मला हसतील."

"मग नांदव तरी."

त्याने दार लोटून घेतलं.

इंदुताईंना हे ऐकून संताप आला. कोर्टात जाता येतं, घटस्फोटाचा नवा कायदाही झालाय, असं त्या म्हणाल्या. पण रतनबाईच्या मागे उभं राहणारं माहेरी कुणी उरलं नव्हतं. शेवटी इंदुताई हळूच बोलल्या, दुसऱ्या इस्पितळात जा, आणि विधवा म्हणून जा. रतनबाई कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी पुण्याच्या एसटीत बसल्यावर तिने मंगळसूत्र काढून कनवटीला लावलं आणि पदराने कपाळ पुसलं. घरी तिने आयाचं काम मिळाल्याचं सांगितलं होतं.

दुसऱ्या इस्पितळाने तिला विधवा म्हणून घेतलं. शिक्षण तिला जड गेलं नाही. जड गेलं ते उरलेलं सगळं. हॉस्टेलातल्या बायका तिच्या नवऱ्याची हळहळ करत, आणि तिला मान खाली घालून ऐकावं लागे. देहूरोडचा किंवा चाकणचा पेशंट आला की ती पदर पुढे ओढून दुसऱ्या खाटेकडे वळे.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी अडलेली एक बाई आणली. ती तानाबाई होती, रतनबाईची नणंद, आणि सोबत सोपानराव होते. कळा थांबलेल्या क्षणी तानाबाईने वर पाहिलं.

"वैनी, तुझं कुकू कुटं हाय?"

शेजारी उभ्या असलेल्या इथल्या मेट्रनबाईंनी ते ऐकलं. त्यांनी सोपानरावांना विचारलं, आमची ही शिकाऊ नर्स तुमची कोण? सोपानरावांनी सुनेच्या कपाळाकडे पाहिलं.

"सून हाय," ते म्हणाले. "ल्योक गेला आमचा."

तानाबाईला पुढची कळ आली आणि बोलणं तिथेच थांबलं. संध्याकाळच्या आत मुलगी झाली. रतनबाईनेच तिला पुसून आजोबांच्या हातात दिलं. तेव्हा व्हरांड्यात सोपानराव तिला म्हणाले, "तुझं शिक्शान पुरं कर. पर आता घरी येऊ नगंस. तुझ्या सासूला हे कपाळ दावू नगंस." त्यांचे डोळे भरले होते. रतनबाई त्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते मागे सरले.

कोर्स पुरा झाल्यावर तिला पुनावळ्याचं केंद्र मिळालं. तिथून देहूरोड दोन-अडीच कोसांवर, त्यामुळे कुणी ओळखेल या भीतीने ती कधी बाजारालाही गेली नाही. कुणाच्याही घरी अडलेलं बाळंतपण असलं की बैलगाडी तिच्या दाराशी येई. तिने गावातली कितीतरी पोरं या जगात आणली. बारशाला मात्र तिला कुणी बोलावत नसे. नारळ आणि घुगऱ्या तेवढ्या घरपोच येत.

एकदा घुगऱ्या घेऊन आलेली मंजुळाबाई उंबऱ्यातच रेंगाळली.

"बाई, लई लवकर नवरा गेला की वो तुमचा," ती कळवळून म्हणाली.

"व्हय," रतनबाई म्हणाली, आणि घुगऱ्यांचं भांडं रिकामं करायला आत गेली.