शॉकवेव्ह नको, पाय लाव

"बाई, मशीन लावा ना! नुस्ता हात काहून फिरवून राह्यल्या?" तुळशीरामकाका टेबलावर पालथे पडून वैतागले होते.

अकोल्याकडच्या मालेगावात एका ऑर्थोपेडिक क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. काका जऊळक्याचे, जन्मभर शेतात राबलेले. त्यांच्या शेजाऱ्याची जुनी टाचदुखी आमच्या शॉकवेव्हनं थांबली, म्हणून हेही आले. शॉकवेव्ह म्हणजे करंट नव्हे. मशीनच्या दांड्यातून दाबाच्या लहरी निघतात आणि दुखऱ्या जागेवर ठोके बसतात. जुनाट दुखण्यात शरीरानं दुरुस्ती अर्धवट टाकलेली असते, ती या ठोक्यांनी पुन्हा सुरू होते. पण आधी नेमकी जागा बोटाला सापडावी लागते.

काकांच्या पाठीत ती सापडेना. स्नायू दाबले, काही नाही. मधल्या मणक्यावर बोटानं हलकेच टकटक केलं आणि काका ओरडले. पडून राहिलं तरी दुखायचं, संध्याकाळी अंगात कसकस, अंगातला सदरा ढगळ झालेला. हे स्नायूचं दुखणं नव्हतं.

"काका, उठा. टाचांवर चालून दाखवा."

उजवा चवडा उचलला, डावा जमिनीवरच आपटला.

"हे कधीपासून?"

सोबत आलेल्या काकूच म्हणाल्या, "उसण भरली म्हून पायाळू बलावला होता. त्यानं जोरात लात मारली. तवापासून पाय असा पडते."

पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला माणूस. त्याचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. स्नायू आखडला असेल तर एखादी लाथ पचूनही जाते. मणकाच आतून पोखरलेला असेल तर पायांकडे जाणाऱ्या नसा दबतात, पाय कायमचे जातात. अशा जागी शॉकवेव्हही चालत नाही. मी मशीन बंद केलं आणि आमच्या डॉक्टर सरांना बोलावलं. त्यांनी तपासलं.

"एमआरआय आजच. अकोल्याला. झोपवूनच न्या," एवढं सांगून सर अॅम्ब्युलन्स बोलवायला गेले.

"मी नाही जात," काका म्हणाले. "माहा भाऊ गेला होता अकोल्याले. चादरीत गुंडाळून आणला."

"काका, थांबलात तर दुसरा पायही जाईल."

"मशीन लावता तं लावा, नाही तं घरी चाललो."

काकू रडकुंडीला आल्या. एकदम माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "अवो, हे पोरगी पायाळूच हाय! माह्या माहेरची, इंझोरीची. इच्या जन्माच्या वक्ती मी तिथंच होती."

काकांनी मान वळवली. "खरं काय वं?"

"हो."

"मंग मशीन नको. तू पाय लाव. लावशील तं जातो अकोल्याले."

मला संताप आला. एवढं शिकले ते यासाठी? शिवाय बापाच्या वयाच्या माणसाला पाय लावायचा! पण बाहेर अॅम्ब्युलन्स आली होती आणि काका चपला शोधत होते.

त्यांना पालथं झोपवलं. टेबल पार खाली घेतलं. कड घट्ट धरून सगळा भार उजव्या पायावर ठेवला आणि डाव्या पायाचा अंगठा त्यांच्या सदऱ्याला नुसता टेकवला. आत भार गेला नाही, याची खात्री होती.

"मॅडम, हे काय चाललंय?" सर दारात उभे.

"कन्सेंट घेतेय, सर."

मग वाकून काकांच्या दोन्ही पायांना हात लावला. डाव्याला हात लागल्याचं त्यांना कळलंच नाही.

मणक्याचा टीबी निघाला. ऑपरेशन करून पू काढला, गोळ्यांचा लांबलचक कोर्स सुरू झाला. बऱ्याच महिन्यांनी काका पट्टा बांधून, काठी टेकत स्वतः क्लिनिकला आले. डावा पाय थोडा ओढत होता.

"पोरी, तुह्या पायाले गुण हाय."

"गुण गोळ्यांचा, काका. एकही चुकवू नका."

"गोळ्या तं खातोच." ते खाली बसले, डाव्या पायाकडे बघत राहिले. "पह्यलेच तुह्याकडं आलो असतो, तं हा पाय वाचला असता काय?"

"कदाचित," मी म्हणाले. मनातलं उत्तर 'हो' होतं.

आता पाठदुखीचा पेशंट आला की मशीनकडे वळण्याआधी मी पहिलं विचारते, "पाठीवर कोणाचा पाय पडला का?" बरेच जण 'नाही' म्हणतात आणि आशेनं माझ्या पायाकडे बघतात.